सुगंधाबाईंचं धुपाटणं

केबिन रोडच्या मागच्या बिल्डिंगमध्ये शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या आधी सुगंधाबाई हजर व्हायच्या. हातात धुपाटणं, त्यात नारळाच्या धगधगत्या शेंड्या, वर मूठभर ऊद. सुरुवात आपल्या घरापासून, मग दारोदार. डास पळायचे, पाहुणेही पळायचे. शेजारी खोकत हात जोडायचे. बाईंना ती भक्ती वाटायची.

नात क्षितिजाला दमा होता. डॉक्टरांनी दिलेला निळा पंप बाईंना सवतीसारखा खुपायचा.

"सवय लागते त्याची. उद्या पोरीला बघायला कोण येईल?"

"आई, ती दुसरीत आहे!" सून ममता कपाळाला हात लावायची.

त्या शनिवारी बाईंच्या माहेरची माणसं येणार, त्यांना दिसू नये म्हणून बाईंनी पंप आणि त्याला जोडायची मास्कवाली नळी देव्हाऱ्यात गणपतीच्या पाठीमागे दडवली. पारोशा हाताने देवाला शिवायचं नाही, हा कायदा त्यांचाच. तिथे कोण शोधणार?

धूप घरभर फिरला आणि क्षितिजाची छाती शिट्टी वाजवू लागली. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, तोंडातून शब्द फुटेना.

"पंप कुठाय?" ममता ड्रॉवर उपसत ओरडली.

"ओव्याने छाती शेकते ना, थांब..."

"आई, तिला बोलताही येत नाहीये!"

बाईंनी नातीचे निळे पडू लागलेले ओठ पाहिले. धुपाटणं मोरीत फेकून वर बादली ओतली, अन् काळ्या हातांनीच देव्हाऱ्यात घुसल्या. "सरक रे बाबा!" गणपती आडवा झाला, पंप हाती आला.

ममताने खिडक्या सताड उघडल्या, पोरीला ताठ बसवलं, पंप हलवून नळीला लावला. एक पफ, मग मास्कमधून सावकाश श्वास. पुन्हा पफ. एरवी जपमाळ ओढणाऱ्या बाई आता श्वास मोजत होत्या. तशाच तिघी रिक्षात बसल्या. हॉस्पिटल येईपर्यंत पफ चालूच.

पोरीचा श्वास मोकळा झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर?"

"असतो जरासा," बाई पंख्याकडे बघत म्हणाल्या.

"जरासा? आजी, तुमची साडी पेटल्यासारखी वास मारतेय."

आता पंप देव्हाऱ्याबाहेर, दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत लटकतो. शनिवारी बाई नुसत्या टाळ्या वाजवत स्तोत्र म्हणत मजले चढतात.

"चाची, आज धूप नहीं?" शेजारच्या हंसाबेनने विचारलं.

"नहीं. हमारे भगवान को डॉक्टर ने मना किया है," म्हणत बाई पुढच्या दाराकडे वळल्या.