पेंढ्यात ठेवलेली द्राक्षं

विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक ताई राहायची. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत, तिथल्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. उल्हासनगरातलं माझं काम टिकलं ते तिच्यामुळे. हे आधी सांगते, मग माझी चूक सांगते.

मी राजापूरकडची. सातवीनंतर शाळा सुटली. नव्वदच्या आसपास मावशीच्या आधाराने इकडे आले. वर्षभरात मावशी गेली आणि मी एकटीच उरले. उल्हासनगरात एका सिंधी सेठच्या फळांच्या वखारीत मला काम मिळालं ते आंब्यांमुळे. अढी लावणं मला लहानपणापासून येत होतं. खाली पेंढा, वर आंबे, वर पुन्हा पेंढा. कुठला थर कधी उघडायचा ते मी वासावरून सांगायची. सेठ मला ‘अदी’ म्हणायचे, त्यांच्या भाषेत बहीण.

एका फेब्रुवारीत नाशिककडची द्राक्षं आली ती दात आंबवणारी. सेठ माल परत पाठवत होते. मीच मध्ये तोंड घातलं.

“राहू द्या सेठ. चार दिवसांत गोड करून देते.”

“पक्का, अदी? रविवारी शादीचा माल द्यायचाय. जुबान दिलीय मी.”

“पक्का.”

आंबा पिकतो, केळं पिकतं, मग द्राक्ष का नाही? मी पेंढ्यात घड मांडले, वर गोणपाट टाकलं. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, गोणपाट काढलं. देठ तपकिरी झालेले, मणी मऊ पडलेले. एक तोंडात टाकला. आंबट तो आंबटच.

त्या संध्याकाळी मी चूल पेटवली नाही. काम गेलं असतं तर गावी परत, आणि गावी मला ठेवून घेणारं कुणी नव्हतं. ताई दारात आली. मी एक घड पुढे केला आणि रडायलाच लागले.

तिने आधी एक मणी खाऊन बघितला. मग कच्च्या केळ्याची एक चकती कापली, एक मणी चिरला, आणि दोन्हींवर जखमेवर लावायच्या आयोडीनचा एकेक थेंब टाकला. केळं काळंनिळं झालं. द्राक्षावर थेंब तसाच तपकिरी राहिला.

“काळं झालं ते पीठ,” ती म्हणाली. “केळं, आंबा आत पीठ साठवून ठेवतात. तोडल्यावर त्याचीच साखर होते. द्राक्षात ते पीठच नसतं गं. मणी वेलावर मऊ पडायला लागला की पानात झालेली साखर त्याच्याकडे वाहत येते. एक आम्ल तो स्वतःच श्वासासाठी हळूहळू जाळतो, म्हणून आंबटपणा उतरतो. घड तोडला की पानाची वाट बंद. मग नुसतं पाणी उडतं.”

मी ती चकती हातात घेतली. मग विचारलं, “ताई, सातवीत तोडलेल्याचं काय?”

ती हसली नाही. “माणूस द्राक्ष नाही गं,” एवढंच म्हणाली.

शनिवारी सकाळी रजा टाकून ती माझ्याबरोबर वखारीत आली. वाटेत म्हणाली, “मी उभी राहीन. बोलायचं तू.”

मी बोलले. केळं कापलं, थेंब टाकला, सगळं सांगितलं. “चूक माझी, सेठ. दुसरा माल आजच बघायला हवा.”

सेठनी पेंढ्यातला एक मणी चाखला. मग म्हणाले, “अंगूर को बिस्तर लगाके सुलाया, फिर भी नहीं सुधरा!” हमाल हसले. सेठ हसले नाहीत. “चल अदी, टेम्पोत बस. कल्याणच्या मार्केटमधून दुसरा माल घेऊ. इस बार चखके.”

त्या दिवसापासून द्राक्षं मीच चाखून घेत आले. घडाच्या टोकाचा मणी खायचा, कारण तो सगळ्यात शेवटी गोड होतो.

पुढे ताई बदलापूरला, कुळगावात राहायला गेली. जाताना बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म माझ्या हातात ठेवून गेली. तो अजून ट्रंकेत कोराच आहे. दरवर्षी काढते, भीती वाटते, परत ठेवते. ताई, तो कागद आता जुना झाला असेल. मी नवा आणीन, भरीन, आणि निकाल लागला की आधी कुळगावला येऊन तुझ्या हातात देईन.