दोन अगस्ती

तारा उगवला की डोमाजी पाणकर हळूच म्हणायचा, "आला." कामावर येणाऱ्या गड्याकडे मुकादम पाहतो, तसा तो त्याच्याकडे पाहायचा. ताऱ्याला बोट मात्र कधी दाखवायचा नाही, नुसती हनुवटी उचलायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मानसाले बोट दाखवलं तं राग येते. मंग त्याईले कायले दाखवाचं?"

आमचं गाव केशोरीच्या बाजूचं. एक मोठा तलाव आणि त्याच्याखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांनी वेढलेली शेतं. तलावाचं पाणी वाटून देणारा तो पाणकर. तलावाच्या पाळेतलं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं भोक, उघडायचं आणि बुजवायचं ते फक्त त्यानं. दिवसा काठीच्या सावलीवर पाण्याची बारी बदलायची, रात्री ताऱ्यांवर. दिवाळीच्या सुमारास उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी लागायचं. तेव्हाचा कायदा असा, की दक्षिणेचा अगस्ती मोहाच्या झाडावर येईपर्यंत पाणी वरच्या बांध्यांना आणि तिथून उजाडेपर्यंत खालच्यांना. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता. डोमाजीनं झाडाकडे पाहून "आला" म्हटलं की खालचे शेतकरी फावडं घेऊन उठायचे.

मी गावातला पहिला ग्रॅज्युएट. बापाला सही येत नव्हती आणि मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलो. हे मी आजही अभिमानानं सांगतो. तेव्हा तर कोणी न विचारता सांगायचो. नागपुरात जुन्या बाजारात मला ताऱ्यांच्या नकाशांचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, ते काखेत घेऊन मी सुट्टीत पाळेवर जायचो. डोमाजी मला चिडवायचा. "काय बीएस्सीवाले, आज कोनता तारा पास झाला?"

पण त्याची नजर काय होती, हे मला ठाऊक होतं. उत्तरेकडचा एक तारा दर तीन दिवसांनी काही तास मंद होतो आणि पुन्हा उजळतो, हे मी पुस्तकात वाचलं. मोठ्या थाटात सांगायला गेलो, तर डोमाजी म्हणाला, "त्याले तिसऱ्या दिवसाचा हिवताप हाय. मी ल्हानपनापासून पाहून राहिलो. थंडी वाजून येते, मंग उतरते." अक्षराची ओळख नसलेल्या माणसानं उघड्या डोळ्यांनी हे हेरलं होतं. हे मला माहीत होतं, म्हणून तर पुढचं सगळं मला सोडत नाही.

बेचाळीस सालची गोष्ट. दिवाळी झाली आणि आमच्याकडे मंडईचे दिवस आले. गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्रभर नाच-सोंगांची दंडार चालते. सारं गाव शेजारच्या गावी दंडारीला गेलं होतं आणि डोमाजी एकटा तुडुमापाशी होता. तलावावर धुकं होतं. दक्षिणेकडं एकच ठळक तारा धुक्यातून दिसत होता, मोहाच्या झाडाच्या बराच डावीकडे. डोमाजीला वाटलं, अगस्ती आत्ताच निघाला, झाडावर यायला वेळ आहे. त्यानं वरच्या बांध्यांचं पाणी चालू ठेवलं. पुष्कळ वेळानं धुकं फाटलं आणि त्याला दिसलं की अगस्ती केव्हाच झाड ओलांडून गेला आहे. डावीकडे उभा होता तो दुसराच कोणी, जवळजवळ तितकाच तेजस्वी. तो पाणी खाली वळवायला धावत सुटला. पण उजाडायला थोडाच वेळ उरला होता आणि दुसऱ्या दिवशी तलावात तुडुमापर्यंत पाणी राहिलं नाही.

खालच्या बांध्यांत फागोजीचं धान निसवलं होतं. ते अर्धं पोचट गेलं. डोमाजी स्वतः त्याच्या दारात गेला. "फागोजी, चूक माही हाय. दोन अगस्ती उभे होते. मी दुसऱ्याले धरलो."

दोन अगस्ती कोणी ऐकले नव्हते. दहा-बारा दिवसांनी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, ओट्यावर पंच बसले. मी तेव्हा गोंदियाला मास्तर होतो, आमच्या गावच्या मंडईसाठी आलो होतो. मालगुजार माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "डोमाजी, डोळा लागला म्हन अन् मोकळा हो. झोप कोनाले येत नाही? पुढच्या साली तूच पानकर."

"झोपलो असतो तं झोपलो म्हनलो असतो."

फागोजी बिथरला. "बुढ्या, साऱ्या गावात तुलेच बरा दिसला तो तारा?"

"तुमी दंडारीत नाच्या पाहून राहिले होते. वरतं कोन पाहाते? चार रात्री होता तो. रोज कमी कमी होत गेला." मग तो माझ्याकडे वळला. "नामदेव, तू शिकला हायेस. चुकीची माफी नाही मागून राहिलो मी. तारा होता का नाही, तेवढं सांग."

त्याची पाणकरकी आणि त्याचा शब्द, दोन्ही त्या घटकेला माझ्या हातात होते. मी घरून पुस्तक आणलं. दक्षिणेचं पान उघडलं. दहा-बारा डोकी वाकली. अगस्तीच्या डावीकडे तसा मोठा तारा नव्हता. मी म्हणालो, "नाही."

"हे बुक छापलं कधी?" डोमाजीनं विचारलं.

"झाली असतील वीस वर्षं."

"आन् तारा आला या महिन्यात. मंग बुकाले कसा मालूम राहीन?"

लोक हसले. मीही हसलो. तरी त्या रात्री मी पाळेवर गेलो, नाही असं नाही. पौर्णिमा जवळ आली होती, चांदणं लख्ख पडलं होतं. डोमाजी हनुवटीनं जागा दाखवत होता. तिथं मला काही दिसलं नाही. "विझला आता," तो म्हणाला. सकाळी मी पंचांना सांगितलं की असा तारा रातोरात उगवत नसतो. एखादा बारीक तारा अचानक भडकतो, हे मी कॉलेजात वाचलं होतं. पण ते युरोपातल्या दुर्बिणीवाल्यांना दिसायचं. केशोरीकडच्या धुक्यात डोमाजीला दिसावं, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात शिरलं नाही.

पंचांनी पाणकरकी काढून घेतली. चूक केली म्हणून नव्हे, खोटं बोलला म्हणून. नव्या माणसाला मालगुजारानं घड्याळ दिलं. डोमाजी मात्र रोज रात्री पाळेवर यायचाच. तुडुमापासून लांब, दक्षिणेकडे तोंड करून उभा राहायचा. बाया म्हणायच्या, याला तलावातलं काही लागलं. रात्री परतणारी माणसं पाळेची वाट सोडून बांध्यांतून जाऊ लागली.

पुढच्या उन्हाळ्यात मी नागपूरला माझ्या प्राध्यापकांकडे गेलो होतो. लढाईमुळे विलायती मासिकं महिनोन्‌महिने उशिरा येत. त्यांच्या टेबलावर एक पडलं होतं. मी सहज चाळलं. गेल्या नोव्हेंबरात दक्षिण आकाशात नवा तारा दिसला, आकाशातल्या मोठ्या ताऱ्यांइतका तेजस्वी झाला आणि काही दिवसांतच उतरला. नकाशाही दिला होता. अगस्तीच्या डावीकडे, वर. प्राध्यापकांनी विचारलं, "काय झालं? पाणी हवंय का?"

मी दुसऱ्याच दिवशी गाव गाठलं. डोमाजी अंगणात दोर वळत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो दोर वळतच होता.

"मले कायले सांगून राहिला बाबू? मी तं पाहिलो. फागोजीले सांग. पंचाईले सांग."

"सांगतो, काका."

फागोजीचं घर माझ्या वाटेवरच होतं. तो दारात बसला होता. "ये नामदेव," म्हणाला. मी बसलो, पाणी प्यालो, पावसाच्या गोष्टी केल्या आणि उठलो. तेव्हा गाव माझ्याकडून कोर्टाचे कागद वाचून घ्यायचं, पोरांचं पुढं काय करायचं ते विचारायचं. बी.एस्सी. चुकला, हे त्या लोकांसमोर म्हणायला जीभ वळली नाही. दिवाळीत सांगू म्हटलं. दिवाळीत मी आलोच नाही. डोमाजीनं कोणामार्फत तगादा लावला नाही, हेही मला सोयीचं झालं.

पौषात तो गेला. रात्री पाळेवरच बसल्या बसल्या गारठला. सकाळी सापडला तेव्हा डोळे उघडे होते म्हणतात. मी मातीला पोचलो. चिता पेटली, लोक लांब जाऊन बसले. फागोजी गळ्यातला शेला तोंडाला लावून रडत होता. म्हणाला, "मानूस सोन्याचा होता बाप्पा. एका रातीले झोप लागली, अन् कबूल करता नाही आलं. जाऊ द्या. मी तं कवाच माफ केलो त्याले."

सगळ्यांनी माना हलवल्या. मग फागोजीनं माझ्याकडे पाहिलं, शिकल्या माणसानं दोन शब्द बोलावे म्हणून.

मी म्हणालो, "हो, माणूस चांगला होता." आणि मान हलवली.