दूधवेळेची चांदणी

माझी सून जिपार माझं नाव घेत नाही. सासरच्या मोठ्या माणसांचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, ही आमची रीतच आहे. पण हल्लीच्या पोरी कुठे पाळतात? सासूला खुशाल फोनमध्ये नावानिशी टाकतात! जिपारच्या फोनमध्ये मी नुसती ‘आपा’ आहे, म्हणजे आई. काराकोलच्या बाजारात मी तंदूरच्या रोट्या विकते, तिथे हे ऐकल्याशिवाय एकही गिऱ्हाईक सुटलेलं नाही. अभिमान वाटतो मला, मग का नाही सांगायचं?

आता गंमत अशी, की माझं नाव चोल्पोन. चोल्पोन म्हणजे शुक्राची चांदणी. आणि सुनेला वेड लागलं ते नेमकं आकाशाचं.

पोर शहरात वाढलेली. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात आम्ही जनावरं घेऊन वर कुरणावर गेलो. पहाटे धारा काढायला बाहेर आलो, तर हिची मान वर ती वरच.

“आपा, ही एवढी लखलखतेय ती कोण?”

“अगं, ती मीच!” म्हटलं.

क्षणभर बघत राहिली आणि मग पटकन तोंडावर हात ठेवला. त्या दिवसापासून ती त्या चांदणीला ‘दूधवेळेची’ म्हणते. संध्याकाळी दिसली तरी दूधवेळेचीच.

पुढे ती गावातल्या तारेवाल्यांच्या मंडळात शिरली. दिवसभर शिवणयंत्रावर बसायचं आणि शनिवारी त्या पुरुषांत जाऊन चंद्रावरच्या खड्ड्यांवरून भांडायचं! मीही सुरुवातीला कुरकुरले. पण मंडळी आमच्याच घरी चहाला जमायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की सगळ्यांत जास्त हशा हिच्याच बोलण्याला होतो. मग मीच चहाच्या पाण्याचा समोवर मोठा घेतला.

आमचं काराकोल मोठ्या सरोवराच्या एका टोकाला, तर दुसऱ्या टोकाला बालिकची गाव आहे, तिथेही असंच एक मंडळ आहे. दोघांनी मिळून एक मोठी दुर्बीण घेतलेली. दर वसंतात दोन्ही मंडळांचा प्रश्नांचा सामना व्हायचा आणि जिंकेल त्याच्याकडे ती वर्षभर राहायची. आम्ही आपले दरवर्षी हरायचो. यंदा मात्र जिपारने कुरणावरच्या सगळ्या बायकांना शब्द देऊन टाकला होता, “या उन्हाळ्यात शनीची कडी दाखवीन.” बायका तरी कसल्या! माझी नणंद विचारायची, “कडी दारालाच असते ना गं? आकाशात कुठून आली?” जिपार हसायची, पण शब्द तिच्या जिवाला लागला होता.

सामना आमच्याच वाचनालयात झाला. परीक्षक होते नारीनहून आलेले म्हातारे मुकाश मास्तर. त्यांचे नियम कडक. उत्तर किर्गिझमध्येच द्यायचं, रशियन नाव घेतलं की गुण गेला. “आपले आजे याच नावांच्या ताऱ्यांवर वाट काढत खिंडी ओलांडून गेलेत,” ते म्हणाले. प्रेक्षकांतून कुणी सुचवलं, तर तो संघ बाद. आणि शेवटच्या प्रश्नाला दोन्हीकडून एकेकानेच उभं राहायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप.

आमचा रिसाल्दी गाड्या दुरुस्त करतो. त्याने भलत्याच जोमात सांगितलं, “शनी पाण्यापेक्षा हलका. सरोवरात टाकला तर तरंगेल!”

पलीकडचा कुबात दातांचा डॉक्टर, जीभ मात्र सुरीसारखी. “काराकोलकडे टाकू नका हं,” तो म्हणाला. “हे लोक त्याचेही सुटे भाग काढून विकतील.”

“आणि तुमच्या बालिकचीकडे गेला तर धुरावर वाळवून रस्त्यावर विकायला टांगाल, माशासारखा!” जिपारने हाणलं. वाचनालय दणाणलं. कुबातची बायकोसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसली.

असं हसतखेळत गुण बरोबरीत आले. शेवटच्या प्रश्नाला कुबात आणि जिपार समोरासमोर. मास्तरांनी विचारलं, “स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला जिला सूर्याभोवतीच्या फेरीपेक्षाही जास्त वेळ लागतो, अशी ती कोण?”

जिपारने झटकन हात वर केला. आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

तेव्हा मला उमगलं. अगं बाई! हे तर माझंच नाव!

“बोल, मुली,” मास्तर म्हणाले.

“दूधवेळेची,” ती हळूच म्हणाली.

“हे कुठलं नाव? खरं नाव सांग.”

ओरडून सांगावंसं वाटलं, घे गं माझं नाव, तुला शंभर वेळा माफ! पण ओरडले असते तर संघ बाद. वाचनालयातलं अर्धं काराकोल माझ्या हातची रोटी खातं. सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या मास्तरांना.

जिपार माझ्याकडे वळली. नवी नवरी सासरच्यांना करते तसा, दोन्ही हात पुढे बांधून, कमरेत वाकून, तिने मला तीनदा नमस्कार केला.

अशा नमस्काराला गप्प कशी राहणार मी? तोंडातून निघूनच गेलं, “सुखी राहा, बाळ!”

“प्रेक्षकांतून आवाज आला!” कुबात ओरडला.

“आशीर्वाद आहे तो, उत्तर नाही,” मास्तर म्हणाले. मग चष्म्यावरून त्यांनी आधी तिला पाहिलं, मग मला. म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. “आपा, परीक्षक विचारतोय. तुमचं नाव काय?”

मी उभी राहिले. या नावाने अख्ख्या आयुष्यात इतक्या ताठ मानेने कधी उभी राहिले नव्हते.

“चोल्पोन!”

टाळ्यांनी खिडक्या हादरल्या. तरी कुबात म्हणालाच, “पण उत्तर तिच्या तोंडून यायला हवं ना!”

मास्तरांनी शांतपणे विचारलं, “तुझी बायको तुझ्या आईला नावाने हाक मारते का रे?”

मागून त्याची बायको म्हणाली, “आजपासून मारू का?”

कुबातने दोन्ही हात वर केले. “द्या बाबा गुण! नाहीतर आज घरी मला जेवायला मिळायचं नाही.” आणि सोबत आणलेल्या दुर्बिणीचं एक टोक उचलून तो स्वतः आमच्या गाडीपर्यंत आला. वाईट माणूस नाही तो.

त्याच संध्याकाळी जिपारने अंगणात दुर्बीण लावली, पश्चिमेकडे, दूधवेळेचीवर रोखून. आकाश अजून निळसर होतं.

“आधी तुम्ही बघा, आपा.”

मी डोळा लावला. चंद्रासारखी बारीक कोर! “अगं, ही तर झिजलीय!”

“झिजली नाही, जवळ आलीय. जवळ आली की कोरच दिसते, पण चमकते जास्त.”

म्हटलं, “पोरी, आज माझ्यामुळे हरता हरता वाचलीस. बस झालं. मी परवानगी देते, घे तिचं नाव.”

तिने मान हलवली. “तिचं नाव अख्खी दुनिया घेते, आपा. न घेण्याचा मान मला एकटीलाच आहे.”

मी तिला कोपराने हळूच ढकललं.

“सरक तिकडे,” म्हटलं. “मला परत बघू दे.”