आईच्या गोधड्या आणि माहे स्पीकर

मित्रहो, आज सकाळी आदिलाबादच्या स्पीकरवाल्यावर फोनवर लय ओरडलो. खराब माल दिला म्हणलं, कारण आमच्या नव्या हॉलमधी आवाज नुसता घुमून राह्यला होता.

तो बिचारा घरी आला. त्यानं एक टाळी वाजवली, ती कितीतरी वेळ घुमली. म्हणे, "सर, स्पीकर ठीक है. कमरा खाली है. मोटा कपडा लगाव."

आई आतून तिच्या गोधड्या घेऊन आली. पाहुण्यांसमोर बऱ्या दिसत नाहीत म्हणून मीच त्या पेटीत भरायला लावल्या होत्या.

दोन भिंतीवर टांगल्या, एक खाली अंथरली. आवाज एकदम साफ!

आई हळूच म्हणाली, "पाहुणे आले त काढून ठेवू काय रे?"

तुमी काय उत्तर दिलं असतं?