बटणावरची लाल खूण

लग्नात वडिलांनी मला डेक दिला. टेप, अॅम्प्लिफायर आणि लाकडी बॉक्समधले दोन स्पीकर. ते दौंडला रेल्वेत फिटर होते. कुठलीही वस्तू स्वतः तपासल्याशिवाय पुढं द्यायचे नाहीत, त्यामुळे लग्नाआधी कित्येक दिवस तो डेक आमच्या क्वार्टरमध्ये वाजत होता. बटण जेमतेम फिरवलं तरी शेजाऱ्यांना ऐकू जायचं.

सासरी, मांडवगण फराट्याला, तोच डेक पहिल्या उन्हाळ्यात गेला. बॉक्समधले वरचे लहान स्पीकर जळाले. दीर म्हणाले, "अॅम्प्लिफायर जड झाला वहिनी. स्पीकरला झेपंना." आणि शिरूरहून कमरेएवढे दोन बॉक्स घेऊन आले. स्पीकर मोठे, अॅम्प्लिफायर जुनाच. आवाज वाढायच्या ऐवजी दबला, म्हणून बटण पार शेवटाला गेलं. तेही स्पीकर जळाले.

"रेल्वेवाल्यांनी डबडं दिलंय," दीर चारचौघांत म्हणाले. थट्टाच होती, पण घरात डेकला तेच नाव पडलं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यावर टॉवेल टाकला आणि वर धान्य पाखडायचं सूप ठेवलं. माझ्या मुलाचं जावळ जवळ आलं होतं. माहेरची सगळी येणार होती. आपण दिलेली वस्तू सुपाखाली पडलेली वडिलांनी बघावी, हे मला चालणार नव्हतं.

अॅम्प्लिफायर आणि वडिलांच्या बॉक्समधला एक जळका स्पीकर मांडीवर घेऊन मी एसटीनं दौंडला गेले. वडिलांकडे नाही, कॉलनीबाहेर दुरुस्तीचं दुकान असलेल्या चाचांकडे. त्यांनी स्पीकर उघडला, तार बघितली.

"जळायच्या आधी आवाज फाटत होता?"

"रोज."

"मग पॉवर जास्त होऊन नाही जळाला, बेटी. अॅम्प्लिफायरकडं ताकद नसताना ताणला की आवाज फाटतो. तो फाटका आवाजच लहान स्पीकरला खातो."

मग त्यांनी त्याच अॅम्प्लिफायरला दुकानातला चांगला स्पीकर जोडला. दुपारभर स्वच्छ वाजला. "माल तर चांगला आहे," ते म्हणाले. "तुझ्या घरी काय होतं, ते तू बघ."

घरी आल्यावर चाचांनी दुरुस्त केलेला स्पीकर जोडून मी बघत बसले. संध्याकाळी शेतीची थ्री फेज वीज आली आणि नदीकाठच्या सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम चालू झाल्या. आमचा दिवा पिवळा पडला. लगेच गाणंही खाली बसलं. ओट्यावरून सासरे ओरडले, "पोरी, आवाज कुठं गेला?" त्यांची उमेदीची वर्षं मेंढरांमागं माळावर गेलेली. बोलणं असो की ऐकणं, त्यांना सगळं मोठ्यानंच लागायचं. दीर उठले आणि त्यांनी बटण शेवटाला नेलं. आवाज फाटला. मी जाऊन डेक बंद केला.

"आबा, व्होल्टेज कमी असताना मोटार रेटली तर काय होतं?" मी सासऱ्यांना विचारलं.

"जळती. त्यात काय इचारायचं?"

"मग ह्याचं काय वेगळं? दौंडला व्होल्टेज पुरं असतं, तिथं हा बटण जेमतेम फिरवलं तरी वाजतो. इथं त्याच्या अंगात अर्धीच ताकद येते आणि आपण रेटतोय. ह्याला स्टॅबिलायझर पाहिजे, आणि अॅम्प्लिफायर मोठा."

दीर हसले. "ह्या बारक्या स्पीकरला मोठा अॅम्प्लिफायर? शेळीच्या गळ्यात म्हशीची साखळी झाली की वहिनी."

"साखळी जड आहे म्हणून शेळी मरत नाही भाऊजी. हिसडा दिला तर मरते. हिसडा द्यायचा नाही."

आबांनी कमी व्होल्टेजवर मोटारी जाळलेल्या होत्या, गावात सगळ्यांनीच जाळल्या होत्या. "पोरगी म्हंती त्ये खरं हाय," ते म्हणाले. "आण जा."

चाचांनी जुना अॅम्प्लिफायर ठेवून घेऊन मोठा दिला, सोबत स्टॅबिलायझरही दिला. दुसराही स्पीकर दुरुस्त करून घेतला आणि वडिलांचेच लहान बॉक्स मी पुन्हा जोडले. दिवा सगळ्यात पिवळा असतो त्या वेळी बसून बटण हळूहळू पुढं नेलं. आवाज जिथं खरखरायला लागला, तिथून चांगलं मागं घेतलं आणि त्या जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. घरात सांगून टाकलं, ह्याच्या पुढं कोणी जायचं नाही. आवाज आधीपेक्षा भरून यायला लागला होता, त्यामुळे कोणाची तक्रारही राहिली नाही. शिरूरच्या त्या बॉक्सवर आत्याबाईंनी पाण्याची कळशी ठेवली.

जावळाच्या दिवशी वडील आले ते चप्पल काढून सरळ डेककडे. डेक वाजत होता. बघून त्यांना बरं वाटलं, आणि त्यांच्या अंगात आलं.

"जरा वाढवतो," ते म्हणाले. "गावाला कळू द्या."

बटणाला हात लागायच्या आत आबा म्हणाले, "पाव्हणं, लाल खुणेच्या फुडं न्हाई. मला बी परवानगी न्हाई."

"खूण कोणी केली?"

"तुमच्या लेकीनं. मोटारीचं गणित घातलं आम्हाला."

"मी तवाच म्हणलो हुतो," दीर म्हणाले, "अॅम्प्लिफायर मोठा पायजे." मी त्यांना बोलू दिलं.

वडिलांनी वाकून ठिपका बघितला, मग माझ्याकडे बघितलं. बटण त्यांनी बरोबर खुणेपर्यंत नेलं, हात काढून घेतला आणि नातवाला घ्यायला गेले. फिटर माणूस. खूण कशाला असते, ते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.