इसाओची चाल

मित्सुयो निशिवाकी ओसाकातल्या एका गेम कंपनीत ठिपक्याला ठिपका जोडून चित्रं काढायची. १९८७ साली तिथं निंजाचा गेम बनत होता. निंजाला धावतं करायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिनं धाकट्या भावाला, इसाओला, कंपनीच्या गच्चीवर पळायला लावलं. लहानपणी गुडघा मोडल्यामुळे त्याचा डावा पाय किंचित उशिरा पडायचा.

"ताई, लंगड्या निंजाला कोण घाबरणार?"

"तोंडावर फडकं असतं त्याच्या. तुझी अब्रू जात नाही. पळ."

उजवीकडे धावण्याची आणि डावीकडे धावण्याची चित्रं तिनं वेगवेगळी काढली. दोन्हीकडे डावाच पाय मागं राहायचा. पोरांना ती ऐट वाटली.

हा गेम व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये लागला, त्याच शरदात इसाओ बंदरावर माल उतरवताना साखळी तुटली आणि तो गेला. विधी आटोपले. मित्सुयो कामावर गेली.

आई बाजारातून येताना पार्लरमध्ये थांबू लागली. कुणी नाणं टाकलं नाही, तर यंत्र आपलं आपण खेळून दाखवायचं. तोफूची पिशवी धरून ती तेवढं बघायची.

"आजी, नंबर लावलाय का?" एक पोरगा म्हणाला.

"तू खेळ बाबा. फक्त जरा पळव त्याला."

वर्षभरानं पार्लरमधून ते यंत्र हलवायचं ठरलं. आईनं विचारलं, "घरच्या टीव्हीवर तसाच येईल ना गं?"

"येईल," मित्सुयो म्हणाली.

हाच गेम घरच्या टीव्हीवर खेळता येईल अशा कॅसेटचं काम तिच्याच विभागात होतं. तिचे साहेब हिरोकाने म्हणाले, "कॅसेटमध्ये एवढी जागा नाही. डावीकडची चित्रं काढूच नकोस. उजवीकडचीच आरशासारखी उलटी दाखवू."

"उलटी केली की उजवा पाय लंगडेल."

"मग लंगडणंच काढून टाक. निंजा आहे तो, तुझ्या घरचा पाहुणा नाही."

तिनं आधी सरळ पळणारा निंजा काढून पडद्यावर चालवून पाहिला. तो कुणीही असू शकला असता. तिनं लंगडणारा दिला. हिरोकानेंनी खांदे उडवले. कुणाच्या लक्षात येणार होतं?

कॅसेट घरी आली. आई टीव्हीपुढे गुडघे दुमडून बसली आणि बटणं शिकली. इसाओ उजवीकडे धावला, पाय उशिरा पडला, आई बघत राहिली. मग तिनं त्याला डावीकडे वळवलं. बोट लगेच उचललं.

त्यानंतर ती फक्त उजवीकडचं बटण दाबू लागली. पुलापाशी मागून दोघे तलवारवाले यायचे.

"आई, मागून येतायत. वळव त्याला."

"नको. तिकडे वळला की दुसराच कुणीतरी होतो."

निंजा पडला. आईनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मित्सुयो शेजारी बसून होती. याही खेपेला तो पुलापर्यंतच गेला.