भावोजींचा सेट ठरत नाही

एखादी वस्तू निवडायला आमच्या भावोजींइतका वेळ लावणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात सापडायचा नाही. छत्री घ्यायला ते मृगात बाजारात जातात आणि दांडा बाकदार की सरळ याचा निकाल लागेपर्यंत दुकानात दिवाळीचे कंदील लागलेले असतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांना हौशी रेडिओचा नाद लागला. घरात बिनतारी सेट मांडायचा आणि त्यावरून देशोदेशीच्या अनोळखी हौशी माणसांशी बोलायचं, असा तो छंद. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. ती ते एका दमात पास झाले. परवाना आला, हवेत ओळख सांगायची सांकेतिक अक्षरं मिळाली. ती त्यांनी फाटकावर स्वतःच्या नावाखाली रंगवून घेतली, तेव्हा पोस्टमन ती पदवी समजून त्यांना डॉक्टर म्हणू लागला. राहिला होता फक्त सेट.

हातात मावणारा लहान सेट घ्यावा तर आवाज फार तर कुडाळपर्यंत जाणार. टेबलावरचा मोठा घ्यावा तर जग मिळणार, पण तो होडीत नेता येणार नाही. भावोजींना होडी लागते, हे तेव्हाच प्रथम कळलं. अँटेनाची तार मात्र त्यांनी आधीच ताणली, एक टोक माडावर आणि दुसरं पडवीच्या खांबाला. सखल बाजूला माझी ताई कपडे वाळत घालू लागली.

"गो, तेच्यार कपडे घालू नको. बोलणा जावचा नाय," भावोजी म्हणाले.

"आधी यंत्र हाडा, मगे काढतंय," ताई म्हणाली.

अशी वर्षं गेली. मग त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. मी गाडीने दोघांना गोव्याच्या इस्पितळात घेऊन निघालो. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली असताना मागच्या सीटवरून भावोजी शांतपणे म्हणाले, "रे, तो ल्हान सेट मागव. माझो इचार झालो."

मी आरशात पाहिलं. ताईने त्यांचा हात घट्ट धरला होता. ज्या माणसाला छत्री ठरवता येत नाही, त्याने उभ्या गाडीत सेट ठरवला होता. आता वेळ उरला नाही असंच त्यांनी धरलं असणार. इस्पितळात पोचल्यावरही सेट मागवायला माझं मन धजेना.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. भावोजींनी डोळे उघडले, मला जवळ बोलावलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "सेट मागयलंस?"

"नाय अजून."

"बरां केलंस. मोठ्याचोय इचार करूक व्हयो."

ताई तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी बाहेर येऊन बाकावर बसलो.

आता ते घरी आहेत. अंगाने निम्मे झालेत; पायरी चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवतात, तो पूर्वीसारखा जड लागत नाही. संध्याकाळी पडवीत माहितीपत्रकं पसरून बसतात आणि मी गेलो की विचारतात, "तुका काय वाटता?"

परवा मी म्हटलं, "घाई कित्याक, भावोजी?"

ते समाधानाने हसले. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघे शेजारी शेजारी बसून राहिलो, आणि काहीही ठरवलं नाही.